जेट लॅग आणि तिसरी पाळी

२००३ सालच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले. मुलगी न्यू जर्सीत होती, तिचे दिवस भरत आले होते, आणि लेकीच्या बाळंतपणाला आईने हजर असावे ही आपल्याकडची रीत विमानांपेक्षा पुष्कळच जुनी आहे. मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि तिथून नेवार्क असा प्रवास. सामानात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा गठ्ठा, आणि एका व्याख्यानाचे टिपण. तिथल्या एका मराठी मंडळाने मुलीमार्फत आग्रह धरला होता. विषय मीच दिला होता : गिरणगावची कविता. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला ते व्याख्यान ठेवले होते आणि मीही, कॉलेजात सलग पाच तास घेणारी बाई, एका तासाच्या भाषणाला काय भ्यायचे म्हणून, होकार देऊन बसले होते.

पहिली दहा मिनिटे ठीक गेली. मग नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'कडे वळायचे होते. ही कविता मी वीस वर्षे वर्गात शिकवत आले होते. ओळ आठवेना. ओळ जाऊ द्या, कवीचे नाव आठवेना. समोरची माणसे दिसत होती, टिपणाचा कागदही दिसत होता, पण अक्षरांचे शब्द होत नव्हते. अंगावर एकाएकी शिरशिरी आली, हात गार पडले. कोणी तरी पाणी आणून दिले. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ समजूतदारपणे म्हणाले, "जेट लॅग हो बाई, होतं असं." मी लालबागच्या चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी. त्याच विषयावर बोलताना माझी वाचा बसावी याची लाज मला पुढे कित्येक दिवस पुरली. त्या वेळी मुंबईत पहाटेचे चार वाजले होते, हा हिशेब मी नंतर केला.

मराठीत या अवस्थेला अजून रुळलेला शब्द नाही. 'कालविसंगती'सारखे शब्द घडवता येतील, पण ते परिभाषा समितीच्या टेबलावरच राहतील. मला उपयोगी पडलेला शब्द वडिलांनी दिलेला आहे, 'अंगातली वेळ'. घड्याळात एक वेळ असते, अंगात एक असते, आणि दोन्हींत अंतर पडले की माणूस बिघडतो, असे ते म्हणत. शास्त्रही याहून फार वेगळे सांगत नाही. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, काही हजार पेशींचा एक पुंजका असतो. अंगाचे तापमान केव्हा उतरायचे, भूक केव्हा लागायची, झोपेची द्रव्ये रक्तात केव्हा यायची हे तो ठरवतो. शरीरातल्या पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरच्या संशोधनातून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. या घड्याळाचे दोन गुण प्रवाशाने ध्यानात ठेवावेत. एक, ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावले जाते आणि दिवसाला जेमतेम तास-दीड तास सरकते. दोन, बहुतेक माणसांत त्याची फेरी चोवीस तासांहून थोडी, दहा-पंधरा मिनिटे, जास्त असते. ते मुळातच रेंगाळणारे असल्यामुळे पश्चिमेकडे जाणे, म्हणजे दिवस लांबवणे, त्याला सोपे जाते. पूर्वेकडे येणे जड जाते. उन्हाळ्यात मुंबई आणि न्यू जर्सी यांत साडेनऊ तासांचे अंतर असते. म्हणजे शरीराला तिथे पोहोचायला आठवडा लागणार, विमान काही म्हणो.

आनंदीबाई जोशींना हा त्रास झाला नसणार, असे मला त्या रात्री दोन वाजता मुलीच्या स्वयंपाकघरात चिवडा खात बसलेली असताना सुचले. (भूक अशी लागे की जणू दुपारचे जेवणच चुकले आहे. मुंबईत साडेअकरा वाजलेले असत, म्हणजे खरोखरच जेवणाची वेळ होत आलेली असे.) आनंदीबाई १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिन्यांत अर्धी पृथ्वी, म्हणजे दिवसाला दहा-बारा मिनिटांचा फरक. तेवढा कोणाच्याही अंगातली वेळ सहज पचवते. बाईंनी त्या प्रवासात दुसरे हाल पुष्कळ सोसले, पण त्यांचे शरीर आणि त्या स्वतः एकाच दिवशी बंदराला लागले. योगायोग असा की त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला, त्या फिलाडेल्फियात वैद्यकाच्या पहिल्या वर्षात असताना, अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी गावोगावच्या वेळा मोडून प्रमाणवेळेचे पट्टे आखले. असो.

नात झाली, जुलैअखेर मी परतले. विमान मध्यरात्रीनंतर उतरले. मी दादरला राहते. पण आई गेल्यापासून अण्णा लालबागच्या खोलीत एकटे होते, आणि पावसाळ्यात त्यांचा खोकला वाढे. चौतीस वर्षे साचेखात्यात काढलेल्या माणसाच्या छातीत जे साठते ते पावसात बोलू लागते. म्हणून सामान दादरला टाकून दुसऱ्या दिवशी मी लालबाग गाठले. आठवडाभर राहायचे ठरवले. सेवा करायला गेले असे म्हणायला हरकत नाही, पण खरे म्हणजे रात्री डोळ्याला डोळा लागणार नव्हता आणि घरच्यांची झोप मोडायची नव्हती.

रात्रीचे बारा वाजले तरी मी टक्क जागी. खाटेवर अण्णाही जागे. मला नवल वाटले नाही. ते रात्री जागे असतात हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. म्हातारपण म्हणून आम्ही ते सोडून दिले होते. तीनच्या सुमाराला ते उठले, स्टोव्ह पेटवावा की नाही अशा विचारात उभे राहिले, आणि म्हणाले, "न्हाई, तीननंतर च्या नको." मग खिडकीशी बसले. बाहेर पाऊस होता, भारतमाताच्या बाजूने एखादी टॅक्सी पाणी उडवत जाई.

"तितं आता किती वाजलं?" त्यांनी विचारले.

"साडेपाच. संध्याकाळचे."

"आनि मान्सं निजत्यात कवा?"

"अकराला."

बोटांवर मोजून म्हणाले, "म्हंजी आपलं सकाळचं साडेआठ. आनि उठत्यात?"

"सहाला."

"साडेतीन. दुसऱ्या पाळीचा भोंगा." जरा वेळ गप्प राहून ते हसले. "म्हंजी माजीच की गं रातपाळी. मी तितंच ऱ्हात हुतो म्हन की."

तिसरी पाळी रात्री बाराला सुरू होऊन सकाळी सातला सुटे. अण्णा साडेसातला घरी येत, आठ-साडेआठला झोपत. रातपाळीच्या महिन्यात ते न्यू जर्सीच्या घड्याळाप्रमाणे झोपत आणि उठत होते, हे मला पन्नासाव्या वर्षी, त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्यावर कळले. त्यांच्या गिरणीत पाळी महिन्यागणिक बदले. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि तिसरीतून पुन्हा पहिलीत. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकदा ते अंगाने अमेरिकेला जाऊन परत येत. १९४८ ते १९८२. मी एका फेरीत वाचा घालवून बसले होते.

पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाणे त्यांना कधी फारसे जड गेले नाही. "पुढं ढकलायचं सोपं असतंय. शेवटाला तिसरीतनं पहिलीत यायचं, तितं मानूस मोडतंय." पूर्वेकडचा प्रवास कठीण, पश्चिमेकडचा सोपा, हे झोपेच्या प्रयोगशाळांनी पुष्कळ तापमाने मोजून सांगितलेले त्यांना पाळीपत्रकावरून ठाऊक होते.

त्या आठवड्यात मला त्यांच्याकडून जे मिळाले ते सांगण्याआधी एक आडवाट घेते, कारण घड्याळाशी गिरणगावचे भांडण अण्णांच्याही आधीचे आहे. माझे मामा गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. लग्नपत्रिकेवर मुहूर्ताच्या वेळेपुढे कंसात 'स्टँ. टा.' अशी अक्षरे छापायची असत, आणि ती इतकी वारंवार लागत की जुळवून बाजूला तयारच ठेवलेली असत, असे ते सांगत. आज ती अक्षरे पाहून विद्यार्थ्यांना काही बोध होत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली. तिची रेषा साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून जाते, म्हणजे मिर्झापूरच्या जवळून. मुंबई तिथून बरीच पश्चिमेला, त्यामुळे मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे. 'मुंबई टाइम' म्हणतात तो हाच. शहराने नवी वेळ मुकाट्याने घेतली नाही. फिरोजशहा मेहतांनी तिला विरोध केला. लोकांना विश्वासात न घेता सरकार लोकांचे घड्याळ कसे बदलते, हा त्यांचा सवाल होता. मुंबई टाइम या शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला. अण्णा साताऱ्याकडून आले तेव्हा इथे दोन वेळा नांदत होत्या, आणि नेमकी कुठली वेळ हे विचारल्याशिवाय कोणाला भेटायचे ठरवता येत नसे.

या प्रकरणात पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९०६च्या जानेवारीतच काही हजार गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केले आणि गिरण्यांवर दगड फेकले. इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य-दोन वाक्यांत उरकते आणि वाचणाऱ्याला वाटते, अज्ञानी माणसे, घड्याळाचा काटा सरकवला तर दगड मारतात. आता हिशेब करू. जानेवारीत मुंबईचा सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या सुमारास उगवतो. मुंबई टाइमप्रमाणे तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असत. घड्याळ ३९ मिनिटे पुढे केले आणि गिरणीची वेळ आकड्यात तीच ठेवली, तर कामगाराला रोज ३९ मिनिटे अधिक अंधारात उठावे लागणार. साहेबाच्या लेखी काहीच बदललेले नसते, भोंगा तर ठरल्या वेळेलाच होतो. ज्याची झोप जाते त्यालाच ते कळते. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात तेव्हा माणसे दोन-चार दिवस झोपाळलेली असतात, यावर आज गंभीर लेख लिहिले जातात. १९०६च्या कामगारांनी ते दगडांनी लिहिले एवढेच. त्यातून विजेचे दिवे गिरण्यांत आलेले होते, आणि दिवस मावळला म्हणजे काम संपले ही सोयही संपत चालली होती.

आता अण्णांची रीत. ती त्यांनी मला उपदेश म्हणून सांगितली नाही. मी पहिल्या दिवशी सकाळी, वर्तमानपत्रात कुठेतरी वाचल्याप्रमाणे, गॅलरीत उजेडात खुर्ची टाकून बसले. जेट लॅग घालवायला सकाळचे ऊन घ्यावे, असे तिथे छापलेले होते. अण्णांनी पाहिले आणि म्हणाले, "आता उजेड डोळ्यात घिऊ नगं, झोप मरंल आनि उद्या परत हितंच ऱ्हाशील. आत चल." खिडकीला गोधडी लावली, मला माळ्याखाली झोपवले. तीन तासांनी, बाराच्या आत, हाक मारून उठवले. मी आणखी पडू मागत होते. "शेवटच्या रातपाळीनंतर पोटभर निजायचं न्हाई," असे म्हणून मला हाताला धरून उभे केले. पोळी-भाजी खायला लावली आणि दोनच्या पुढे मला मिरची गल्लीत पाठवले. काम क्षुल्लक होते, दोनशे ग्रॅम बेडगी. ती आणली तर म्हणाले, आता हळकुंडं राहिली. मग धणे. चार फेऱ्या झाल्या. पाचला मला कळले की त्यांना मसाला नको होता, मी उघड्यावर हिंडायला हवी होते.

याचे शास्त्र मला पुष्कळ नंतर, वाचून समजले. रोज एका घटकेला शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, साधारणपणे आपल्या नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी. त्या घटकेच्या आधी डोळ्यांत गेलेला तेजस्वी उजेड अंगातली वेळ मागे रेटतो आणि नंतर गेलेला पुढे ओढतो. न्यू जर्सीत मी साडेसहाला उठत असे, म्हणजे माझी ती घटका तिथल्या पहाटे चारला. मुंबईत तेव्हा दुपारचा दीड. मी गॅलरीत सकाळी नऊला बसले असते तर माझ्या शरीराच्या लेखी ती ऐन रात्र होती, आणि तो उजेड मला पूर्वेकडे आणण्याऐवजी आणखी पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात, ढकलत गेला असता. दीडच्या पुढचा उजेड मात्र हवा तसा ओढत होता. ही घटका रोज तासाभराने अलीकडे सरकते. त्याप्रमाणे चौथ्या दिवसापासून अण्णा मला दुपारी बाराच्या आधी बाहेर काढू लागले. पावसाळी, ढगाळ आभाळही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पटींनी उजळ असते, त्यामुळे ऊन नाही म्हणून अडले नाही. 'सकाळचे ऊन घ्या' हा सल्ला दोन-चार तासांच्या अंतराला चालतो. साडेनऊ-दहा तासांवरून पूर्वेला येणाऱ्याने तो आंधळेपणाने पाळला तर त्याचा आठवडा वाया जातो. लग्नाला म्हणून अमेरिकेहून आलेली आणि मुहूर्तावर पेंगणारी मंडळी दादरच्या मंगल कार्यालयांत मी पुढे बऱ्याचदा पाहिली. त्यांतल्या निम्म्यांनी सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारलेल्या असत.

टॉवेलची गोष्ट मी लहानपणी पाहिलेली होती, पण तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता. सातचा भोंगा झाला की गेटाबाहेर पडण्याआधी अण्णा खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढे कपाळाखाली ओढून घेत, पायांपुरती वाट दिसेल एवढाच. सकाळच्या कोवळ्या उन्हात लालबागच्या रस्त्याने हा माणूस बुरखा घेतल्यासारखा चाले. सोबतचे थट्टा करीत, की व्याजाचा पठाण चुकवतो आहे. "चुकवतच हुतो," अण्णा म्हणाले, "पर सूर्याला. एकदा का त्यो डोळ्यात घुसला की घरी जाऊन नुसतं लोळायचं." पुढे रात्रपाळीच्या कामगारांवर प्रयोग झाले, त्यांना घरी जाताना काळे चष्मे दिले गेले, आणि त्यांची झोप सुधारल्याचे आढळले, हे वाचले तेव्हा मला तो टॉवेल आठवला. त्याला निळी किनार होती आणि कापसाच्या तुसाचा वास येई.

बाकीचे नियम बारीकसारीक होते. रात्री तीननंतर चहा नाही, कारण तो सकाळच्या झोपेला नडतो. पाळीवर जाण्याआधी पोटभर जेवायचे, मधल्या सुट्टीत डब्यातली चतकोर भाकरी, रात्री दोनला तट्ट जेवायचे नाही. पोटालाही आपली वेळ असते, त्याला मध्यरात्री जागे केले की ते सूड घेते. घरी आल्यावर थंड पाण्याची आंघोळ. झोप एका दमात झाली नाही तर दोन हप्त्यांत घ्यायची, सकाळी चार तास आणि पाळीवर जाण्याआधी संध्याकाळी एक. रविवारी सगळ्यांबरोबर रात्री झोपून पूर्णपणे माणसांत यायचे नाही. "निम्मं यायचं", म्हणजे मध्यरात्र उलटेपर्यंत जागून उशिरा उठायचे, नाहीतर सोमवारी पुन्हा सगळे मुळापासून. हा शेवटचा नियम मला फार हुशारीचा वाटतो. दोन-तीन दिवसांच्या कामासाठी परदेशी जाणाऱ्यांनाही आज तज्ज्ञ हेच सांगतात : पूर्ण बदलू नका, जमेल तितकी जुनी वेळ सांभाळा.

इथवर आल्यावर मला भीती वाटते की वाचणाऱ्याचा समज व्हावा, मी वडिलांना झोपेचा ऋषी करून ठेवते आहे. तसे नाही. या युक्त्या बुडणाऱ्याने हातपाय मारण्यापैकी होत्या. त्यांचे पित्त कायमचे खवळलेले असे, तिसऱ्या पाळीच्या महिन्यात घरात कोणी त्यांच्याशी बोलत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, शरीराची लय मोडणाऱ्या पाळ्यांचे काम 'बहुधा कर्करोगकारक' अशा वर्गात टाकले आणि २०१९मध्ये तो निर्णय कायम ठेवला. प्रवासी आठ दिवसांत बरा होतो. अण्णांना बरे व्हायला तेवढे दिवस लागत आणि मग जेमतेम दोन महिने मिळत. शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा झोपायचे. चाळीत सकाळी नऊला नळ, भांडी, रेडिओ, पोरे, फेरीवाले.

त्या पोरांत मी होते. एकदा सकाळी दहाच्या सुमाराला मी मोठ्याने कविता पाठ करीत होते आणि अण्णांनी उठून माझ्या थोबाडीत मारली. चौथीत असताना शाळेत 'माझे वडील' हा निबंध आला. मी पहिले वाक्य लिहिले, माझे वडील दिवसभर झोपतात. गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवले आणि वर्ग हसला. ते हसू मला आवडले होते, हे इथे लिहिले पाहिजे. मारल्याचा वचपा निघाल्यासारखे वाटले होते. मी वही घरी लपवली.

तिसऱ्या की चौथ्या रात्री मी अण्णांना त्या निबंधाविषयी विचारले. ठाऊक होता. त्याच शाळेत एका जॉबरचा मुलगा होता. साचेखात्यात ते वाक्य आठवडाभर फिरले. "मग तुम्ही मला बोलला का नाहीत?" "काय बोलायचं? खोटं कुठं लिव्हलं हुतंस?" आणि खोकल्याची उबळ ओसरल्यावर, "तू वाचत बसायचीस ना, ते बरं वाटायचं. नुसतं मोठ्यानं वाचू ने, एवढंच."

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अण्णा तेव्हा बावन्न वर्षांचे होते, आणि पाळी तिसरी चालू होती. त्यांना परत बोलावणे आले नाही. भोंगे थांबले तेव्हा आम्हाला वाटले, चला, आता तरी हे रात्रीचे झोपतील. तसे झाले नाही. संपाच्या पहिल्या महिन्यात ते बाराच्या ठोक्याला जागे व्हायचे, ती सवय राहिली. पुढे काम नाही, बाहेर पडणे नाही, दिवसभर खोलीतल्या अर्धवट उजेडात बसणे, मग घड्याळ लावणार कशावर? पहिलीत परतण्याचा तो शेवटचा प्रवास त्यांचा राहूनच गेला. जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवताना मी त्या शीर्षकाचा अर्थ घराच्या मोडलेल्या अर्थकारणाच्या अंगाने सांगत असे. त्या आठवड्यानंतर शिकवताना मी आणखी एका गोष्टीसाठी थांबू लागले. ती काय, हे विद्यार्थ्यांना नीट सांगता आले असे मात्र नाही.

दोन वर्षांनी माझ्या भाच्याला नोकरी लागली. गिरण्या पाडून झालेल्या लोअर परळच्या काचेच्या इमारतींपैकी एकीत, रात्री आठ ते पहाटे पाच, फोनवर अमेरिकन गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची. अण्णांनी त्याला टॉवेलची युक्ती सांगितली. त्याने हसून टोपी घेतली. पण घेतली.

मी त्यानंतर सहा वेळा जाऊन आले. आता निघण्याआधी तीन दिवस रोज तासभर उशिरा झोपते, विमानात बसल्याबरोबर मनगटावरचे घड्याळ तिथल्या वेळेला लावते आणि इथे किती वाजले हे विचारत नाही. तिथे पोहोचल्यावर दुपार उघड्यावर काढते, संध्याकाळी सातनंतर मात्र डोळ्यांना फार उजेड देत नाही. दुपारी डोळे मिटायलाच लागले तर वीस मिनिटांची डुलकी, गजर लावून. विमानात पाणी भरपूर पिते. कोरड्या हवेचा थकवा वेगळा आणि जेट लॅग वेगळा, पण दोन्ही एकाच माणसाला होतात. मेलाटोनिनची गोळी डॉक्टरांना विचारून, अगदी कमी मात्रेत, तिथल्या झोपेच्या वेळेला काही रात्री घेते. तिचा उपयोग होतो असे २००२च्या कोक्रेन आढाव्यात नमूद आहे, आणि अवेळी घेतल्यास ती उलटते असेही. कोणी व्याख्यानाचे विचारले तर चौथ्या दिवसाच्या आतले घेत नाही, आणि वेळ सकाळची मागते.

त्या २००३च्या आठवड्यात आठव्या रात्री मी दहाला आडवी झाले ती एकदम पहाटे साडेपाचलाच जागी झाले. पाऊस थांबला होता. अण्णा खिडकीशी बसलेले होते, रात्रभर तिथेच असावेत.

"आलीस व्हय?" ते म्हणाले.

मग उठून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. स्वतः घेतला नाही. उजाडू लागले तसे खाटेवर गेले आणि टॉवेल डोळ्यांवर ओढून घेतला.